जर्मनीला जाताना विमा कोणता?

प्रश्न : म्युनिकला नोकरी लागली आहे. पत्नी आणि मुलगी सोबत, आई-बाबा अधूनमधून येतील. आरोग्यविमा कोणता घ्यावा?

उत्तर : सरकारी योजनेतलाच घ्या. निम्मा हप्ता कंपनी भरते. कमाई नसलेली पत्नी आणि मुलगी जादा पैसे न भरता त्यातच येतात. खासगी विमा तरुणपणी स्वस्त दिसतो, पण तिथे माणशी वेगळा हप्ता, आणि वयाच्या ५५ नंतर सरकारी योजनेत परतणं जवळपास अशक्य. आई-बाबांना मात्र शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा लागेल. जुना मधुमेह, रक्तदाब त्यात सहसा धरत नाहीत. गोळ्या चिठ्ठीसह पुरेशा आणायला सांगा. भारतातली पॉलिसी बंद करू नका. परतल्यावर नवी घेतलीत, तर जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.