एक शब्द द्या, एक घ्या



उंब्रजहून मेळघाटात सेवेसाठी गेले, तेव्हा भाषा बदलेल हे माझ्या डोक्यातच आले नव्हते. महाराष्ट्रच ना! धारणी तालुक्यातील एका गावात सहा वर्षांच्या मुलीला मी नाव विचारले, पेला दाखवून ‘हे काय?’ विचारले. ती गप्पच. मी वहीत लिहिले, ‘मंद’.

दुसऱ्या दिवशी हातपंपावर तिनेच धारेकडे बोट दाखवले. म्हणाली, ‘डा’. मी म्हटले, ‘दा’. पोरे खो-खो हसली. तिने तो शब्द माझ्याकडून तीनदा घोटून घेतला. मग मी तिला ‘पाणी’ दिले. तिने ‘उरा’ दिला, मी ‘घर’ दिले. संध्याकाळपर्यंत आमचा हा बाजार चालला.

कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. संथाळी, मुंडारी तिच्या बहिणी. मराठीशी रक्ताचे नाते नाही. ‘कोरो’ म्हणजे माणूस, त्याला ‘कू’ लावले की अनेकवचन. कोरकू म्हणजे नुसती ‘माणसे’! या मुलांना शाळेचा पहिला दिवस परदेशासारखा जातो, तोही स्वतःच्याच गावात.

म्हणून सुट्टीत सेवेला जाणाऱ्यांनी वही आधी काढू नये. बोट दाखवता येईल अशा वस्तूंपासून सुरुवात करावी आणि आपली चूक मुलांना सुधारू द्यावी. त्यांना ते फार आवडते. मराठी शब्द त्यानंतर.

वहीतला ‘मंद’ मी त्याच रात्री खोडला. अहवाल मात्र आदल्या संध्याकाळीच गेला होता. तो दुरुस्त करून घ्यायला मला महिना लागला.