सुकलेला माल परत मऊ करायचाय? आधी पाण्याचा तांब्या बाजूला ठेवा

या आठवड्याच्या व्हिडिओत ग्लिसरीनचा विषय निघाला आणि वेळेअभावी तो अर्धाच राहिला. खजूर रोल, अंजीर वडी, ड्रायफ्रूट लाडू, गुलकंद असा मऊ राहायला हवा असलेला माल तुम्ही बनवत असाल, तर उरलेला अर्धा भाग इथे निवांत वाचा.

सुरुवात जरा वेगळ्या धंद्यापासून करतो, कारण ओलावा टिकवण्याची ही युक्ती तिथे उघड दिसते. अरब देशांत हुक्क्यासाठी जी तंबाखू विकतात तिला 'मुआस्सल' म्हणतात. 'असल' म्हणजे मध, त्यावरून हे नाव. चिरलेलं पान, काकवीसारखा पाक किंवा मध, ग्लिसरीन आणि सुगंध असा तो चिकट माल असतो. डबा उघडा राहिला की तो वाळतो. मग तिथले लोक काय करतात? पाणी शिंपडत नाहीत. थोडं ग्लिसरीन, थोडा मध घालून हलक्या हाताने कालवतात आणि डबा घट्ट बंद करून एक-दोन दिवस ठेवतात. पान मऊ होतं. उडून गेलेला सुगंध मात्र परत येत नाही, तो गेला तो गेलाच.

तो धंदा आपला नाही, हे इथेच सांगून टाकतो. मुंबईत २९ डिसेंबर २०१७ ला कमला मिलमध्ये आग लागली, १४ जणांचा जीव गेला. त्यानंतर २०१८ मध्ये महाराष्ट्राने कायदा बदलून हुक्का पार्लरवर बंदी आणली. त्यात ३ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. तंबाखूचं पाकीट फोडून, 'ताजं' करून, साध्या पिशवीत भरून विकणं म्हणजे तर पाकिटावरचा ८५ टक्के जागेचा आरोग्याचा इशाराच गायब करणं. आणि माल कितीही मऊ केला तरी निकोटिन आणि कोळशाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड तिथेच राहतो. 'हर्बल आहे' म्हटलं तरी कोळसा जळतोच ना? तेव्हा युक्ती घ्या, धंदा सोडा.

आता युक्तीमागचं कारण. पदार्थात एकूण पाणी किती आहे यापेक्षा त्यातलं मोकळं पाणी किती आहे, हे महत्त्वाचं. बुरशी, यीस्ट, जिवाणू हे सगळे मोकळ्या पाण्यावर जगतात. या मोकळ्या पाण्याच्या मापाला 'वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी' म्हणतात. साधं पाणी १, एकदम कोरडं ०. ०.८५ च्या खाली रोग पसरवणारे जिवाणू सहसा वाढत नाहीत, ०.७० च्या खाली बहुतेक बुरशी थांबते आणि ०.६० च्या खाली काहीच वाढत नाही. मधात साधारण १८ टक्के पाणी असूनही तो वर्षानुवर्षं टिकतो, कारण त्यातल्या साखरेने ते पाणी धरून ठेवलेलं असतं.

म्हणून सुकलेल्या लाडवावर पाण्याचा हबका मारला की काय होतं ते बघा. लाडू दोन दिवस मऊ वाटतो, मोकळं पाणी एकदम वाढतं आणि चौथ्या-पाचव्या दिवशी पांढरे ठिपके दिसायला लागतात. गिऱ्हाईक फोटो काढून पाठवतं. मऊपणा हवा पण मोकळं पाणी नको, हे दोन्ही एकत्र साधतात ते पाणी धरून ठेवणारे पदार्थ: मध, काकवी, लिक्विड ग्लुकोज, सॉर्बिटॉल, ग्लिसरीन. ग्लिसरीनचा उत्कलनबिंदू २९० अंश सेल्सिअस आहे, त्यामुळे ते पाण्यासारखं हवेत उडून जात नाही. ते मालात बसून राहतं आणि पाण्यालाही बसवून ठेवतं.

पण लगेच ग्लिसरीनची बाटली आणायला पळू नका. माझं मत विचाराल तर घरगुती उद्योगात पहिला इलाज पॅकिंगचा, दुसरा मध-काकवी-ग्लुकोजचा आणि ग्लिसरीन तिसऱ्या नंबरवर. पुठ्ठ्याच्या मिठाई बॉक्समध्ये भरलेला खजूर रोल सुकणारच, त्यात रेसिपीचा काय दोष? तोच रोल मेटलाइज्ड लॅमिनेटेड पाउचमध्ये नीट सील करून ठेवा आणि फरक बघा. सुकण्याचा खर्चही मोजा. धरून चला, १० किलोची बॅच ४२०० रुपयांना पडली. वजन ५ टक्के उडालं की हातात राहिला साडेनऊ किलो, म्हणजे किलोमागे ४२० ऐवजी ४४२ रुपये. शिवाय पाकिटावर २५० ग्रॅम छापलंय आणि आत भरतंय २३८, हे वजनमापवाल्यांनी पकडलं तर वेगळंच प्रकरण.

आता प्रयोग. यासाठी एक छोटा ज्वेलरी काटा हवा, ०.०१ ग्रॅम दाखवणारा. रोलचं मिश्रण चार वाट्यांत प्रत्येकी १०० ग्रॅम घ्या. पहिलीत काही घालू नका. दुसरीत ५ ग्रॅम मध, तिसरीत ५ ग्रॅम लिक्विड ग्लुकोज आणि चौथीत २ ग्रॅम ग्लिसरीन. मिश्रण कोमट असताना घाला, म्हणजे सारखं मिसळतं. विकायच्या पॅकिंगमध्येच भरा, तारीख लिहा आणि ७, १५, ३० दिवसांनी वजन, चव, वास वहीत नोंदवा. ग्लिसरीन जास्त झालं तर जिभेवर गरम-गोडसर चव रेंगाळते. ती एकदा स्वतः चाखा, म्हणजे गिऱ्हाइकाआधी तुम्हाला कळेल.

दुसरी चाचणी त्याहून मजेदार आहे आणि जवळजवळ फुकट. एका वाटीत मीठ घ्या आणि त्यात चमच्या-चमच्याने पाणी घालून ओल्या वाळूसारखा रबडा करा. थोडं मीठ न विरघळलेलं दिसलंच पाहिजे. असा मिठाचा रबडा बंद डब्यातली हवा साधारण ७५ टक्के आर्द्रतेवर धरून ठेवतो. त्याच डब्यात, मिठाला न लागेल अशी, तुमच्या मालाची १० ग्रॅमची चकती उघड्या झाकणात ठेवा. डबा घट्ट बंद. एक दिवसाने वजन करा, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा. चकतीचं वजन वाढलं तर मालाची वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी ०.७५ च्या खाली आहे, कमी झालं तर वर आहे. वर असेल तर एक महिन्याची मुदत छापायचा विचारही करू नका. खाली असेल तर दिशा बरोबर आहे, एवढंच समजा. काही चिवट बुरशी ०.७५ च्या खालीही वाढते, त्यामुळे मुदत छापण्याआधी एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेतून वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी आणि बुरशीची चाचणी करून घ्यायचीच. घरच्या चाचणीचा उपयोग असा की प्रयोगशाळेत दहा नमुने नेण्याऐवजी तुम्ही दोनच नेता.

लेबलचं थोडक्यात. ग्लिसरीन वापरलं तर घटकांच्या यादीत 'ह्युमेक्टंट (आयएनएस ४२२)' असं लिहावं लागतं. सॉर्बिटॉलचा नंबर ४२०. तुमच्या पदार्थाच्या वर्गात ते चालतं का आणि किती, हे एफएसएसएआयच्या यादीत बघून मगच घाला. मध घातला तर लहान बाळांच्या आयांना सांगा: एक वर्षाखालच्या मुलाला मध चालत नाही.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी हा लेख खरं तर लिहिला. ग्लिसरीन कुठून घेता? साबणवाल्याकडून, मेणबत्ती कोर्सवाल्याकडून, की सुटं कॅनमधून मोजून? १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल होतं. चौकशीला न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला. हे डायइथिलीन ग्लायकॉल रंगहीन, घट्ट, गोडसर असतं. डोळ्यांनी, वासाने, चवीने ग्लिसरीनपासून वेगळं ओळखता येत नाही. किडनी निकामी करतं. कामाला लागतं कारखान्यांत. जुनी गोष्ट म्हणून सोडू नका. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडची मुलं ज्या खोकल्याच्या औषधाने गेली, त्यातही हेच विष निघालं.

म्हणून लिटरमागे वाचणारे शंभर-दीडशे रुपये विसरा. 'इंडस्ट्रियल', 'टेक्निकल', 'कॉस्मेटिक' असं लिहिलेली बाटली अन्नाच्या टेबलावर येऊच देऊ नका. फूड ग्रेड किंवा आयपी दर्जाची, कंपनीचं सील असलेली बाटली घ्या. बिल घ्या. विक्रेत्याकडे त्या बॅच नंबरचं चाचणी प्रमाणपत्र मागा, त्यात डायइथिलीन ग्लायकॉलची चाचणी केल्याची ओळ आहे का ते वाचा आणि कागदावरचा बॅच नंबर बाटलीवरच्या नंबराशी जुळवून बघा. विक्रेता म्हणाला, 'साहेब, एवढं कोण मागतं?' तर दुसरा विक्रेता शोधा. बाटली फोडल्यावर तारीख लिहा आणि झाकण घट्ट लावा, कारण ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पातळ होत जातं.

राहिला दुकानातून परत आलेल्या मालाचा प्रश्न. 'थोडा पाक घालून पुन्हा वळला तर?' असं मनात येतंच, येऊ शकतं. मुदत संपलेला माल मऊ करून नव्या तारखेने विकणं हा गुन्हा आहे, मग त्यात मध घाला नाहीतर केशर. तुमच्याच कारखान्यात, पॅक होण्याआधी, त्याच दिवशी कडक झालेलं मिश्रण पुढच्या बॅचमध्ये घेणं वेगळं. तेही १० टक्क्यांच्या आत ठेवा आणि वहीत लिहा. परतीचा माल मात्र मोजा, कोणत्या दुकानातून किती आणि किती दिवसांनी आला ते लिहा, पाकीट फाडा आणि टाकून द्या. तीन महिन्यांची ती वही पुढच्या शनिवारच्या व्हिडिओला समोर ठेवा, त्यावरून दुकानागणिक किती पाकिटं द्यायची याचा हिशेब आपण करणार आहोत.