कॅमेऱ्याने मोजलेली नाडी

प्रश्न : आमची नात सातव्या महिन्यात जन्मली, एनआयसीयूत (नवजात अतिदक्षता विभागात) आहे. अंगावरच्या वायर काढून कॅमेऱ्याने नाडी-श्वास मोजता येत नाहीत का?

उत्तर : येतात, पण आज तरी वायरच्या जोडीने. प्रत्येक ठोक्याला त्वचेतले रक्त किंचित वाढते, रंग सूक्ष्म बदलतो; कॅमेरा तो टिपतो. ऑक्सफर्डच्या जॉन रॅडक्लिफ रुग्णालयात ३० मुदतपूर्व बाळांवर हे तपासून २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बाळ शांत आणि उजेड पुरेसा असेल, तर मोजणी चांगली जमते. हालचाल झाली, पांघरूण आले, काविळीवरच्या उपचाराचा निळा दिवा लागला, की संकेत बिघडतो. या बाळांचा श्वास अचानक थांबू शकतो, म्हणून ही खंडित नजर एकटी मला पुरेशी वाटत नाही. मग कॅमेरा कशाला? कारण वायरच्या टोकाचे चिकट इलेक्ट्रोड काढताना बाळांची अतिनाजूक त्वचा सोलवटते, तिथून जंतू शिरतात. एखादी चिकटपट्टी जरी कमी झाली, तरी तेवढी जखम टळते.