हिशेबाचा प्रोग्राम : पक्की क्वेरी की ऐन वेळची?

जव्हारजवळचे शिरपामाळ म्हटले की, १६६४ साली सुरतेकडे जाताना शिवाजी महाराजांचे जव्हारच्या विक्रमशहा राजांनी तेथे स्वागत केले, ही परंपरेने चालत आलेली हकीकत आठवते. समजा, आज त्याच भागात एक घाऊक किराणा दुकान आहे आणि त्याचा हिशेब संगणकावर आहे. उधारी पाहायची तर प्रोग्राम डेटाबेसला, म्हणजे संगणकातील खातेवहीला, प्रश्न विचारतो. या प्रश्नाला क्वेरी म्हणतात. ती दोन तऱ्हांनी लिहिता येते. हा फरक आम्ही व्यापारी बांधवांपुढे ठेवत आहोत, कारण चूक प्रोग्राम लिहिणाऱ्याची असली तरी नुकसान मालकाचे होते.

पहिली तऱ्हा स्टॅटिक. ही छापील पावतीपुस्तकासारखी. ‘अमुक क्रमांकाच्या खात्याची बाकी किती?’ हे वाक्य आधीच पक्के असते. रोज फक्त क्रमांक भरायचा. आयबीएमच्या डीबी२ या डेटाबेसमध्ये असे वाक्य आधी तपासले जाते आणि माहिती कोणत्या वाटेने काढायची हेही ठरवून ठेवले जाते. त्यामुळे वाक्यातील बरीच चूक गिऱ्हाईक समोर येण्यापूर्वीच सापडते. शिवाय नोकराला तेवढाच प्रोग्राम चालवण्याची परवानगी पुरते. सारी खातेवही त्याच्यापुढे उघडावी लागत नाही. मात्र खाती फार वाढली की जुनी वाट लांबची ठरू शकते. मग ती नव्याने ठरवून घ्यावी लागते.

दुसरी तऱ्हा डायनॅमिक. ही कोऱ्या कागदावर ऐन वेळी लिहिलेली चिठ्ठी. ईदपूर्वीची विक्री मालकाला कधी गावानुसार, कधी मालानुसार, तर कधी दोन्ही मिळून पाहायची असते. प्रत्येकासाठी वेगळे वाक्य लिहून ठेवणे जिकिरीचे. म्हणून प्रोग्राम निवडीप्रमाणे वाक्य जुळवतो. सोय मोठी, पण वाक्याची तपासणी त्याच क्षणी होते.

खरा धोका पुढेच आहे. नावाच्या जागी कोणी संगणकाच्या भाषेत ‘आणि सर्वांची बाकी दाखव’ असे लिहिले व प्रोग्रामने ते वाक्यात जसेच्या तसे चिकटवले, तर संगणक तो मालकाचाच हुकूम समजतो. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. १९९८ साली हा प्रकार एका लेखातून जाहीर झाला. तो आजही घडतो.

म्हणून डायनॅमिक क्वेरी टाकून द्यायची का? नाही. तिच्यातही मोकळ्या जागा राखता येतात. त्यांत भरलेला मजकूर केवळ मजकूरच राहतो, हुकूम होत नाही. गाव की माल, हा रकाना मात्र ठरलेल्या यादीतूनच निवडू द्यावा.

प्रोग्राम विकत घेताना तीन गोष्टी विचाराव्यात. रोजची बिले व उधारी पक्क्या क्वेरीवर चालतात का? ऐन वेळच्या क्वेरीत भरलेला मजकूर वेगळा पाठवला जातो का? नोकराला नेमके किती दिसते? उत्तर टाळले गेले, तर पैसे देण्याची घाई करू नये. खातेवहीत आपल्याबरोबर आपल्या गिऱ्हाइकांचीही अब्रू असते.