दिवा विझवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे

माझं गॅरेज धाराशिवात. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या, नवरात्रात तुळजापूरला पायी निघालेली माणसं. त्यांच्या शेजारून धावणाऱ्या गाड्या माझ्याकडे येतात. घसरू लागलेल्या गाडीला सावरणारी ईएसपी यंत्रणा आता पुष्कळ गाड्यांत असते. तिचा दिवा लागला की गिऱ्हाईक म्हणतं, "दादा, तेवढा दिवा घालवा." त्या दिव्यानं मला जे शिकवलं, ते हे.

१. आधी दिवा ओळखावा. ओल्या वळणावर लुकलुकून थांबला, तर यंत्रणा काम करतेय. बटण न दाबताही कायम पेटून राहिला, तर बिघाड आहे. साधे ब्रेक लागतात, पण घाटात गाडी घसरली तर सावरणारं कुणी नसतं.

२. सेन्सरचं काम समजून घ्यावं. स्टिअरिंग किती अंश फिरलं, ते स्टिअरिंगचा सेन्सर सांगतो; त्यावरून चालकाला कुठं जायचंय ते यंत्रणेला कळतं. गाडी खरोखर किती वळतेय, ते यॉ सेन्सर सांगतो. दोन्हींचा मेळ बसला नाही की ती नेमक्या चाकाला ब्रेक लावते. स्टिअरिंग सरळ असतानाचं शून्यच चुकलं, तर सरळ जाणारी गाडीही तिला वळणावर असल्यासारखी वाटते.

३. स्कॅनरवर बिघाडाचा कोड दिसला म्हणून स्टिअरिंगचा सेन्सर बदलू नये. मी एकदा बदलला. चार दिवसांत दिवा पुन्हा लागला. खड्ड्यात आदळून टाय रॉड वाकला होता आणि वाकड्या स्टिअरिंगवरच मी नव्या सेन्सरचं शून्य ठरवलं होतं. गाडी एका शेतकऱ्याची होती. मी पैसे परत केले, पण त्याचे हेलपाटे परत करता आले नाहीत. आता तीन प्रश्न आधी विचारतो: बॅटरी काढली होती का? चाकांची अलाइनमेंट केली का? गाडी कुठं आदळली का?

४. बॅटरी तपासावी. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. टर्मिनल सैल असेल, व्होल्टेज पडत असेल, तर चांगल्या सेन्सरवरही आळ येतो. यू०१२६ कोड म्हणजे स्टिअरिंगच्या सेन्सरशी संपर्क तुटला. तिथं आधी फ्यूज, वायर आणि कनेक्टर बघावेत.

५. स्कॅनरवर स्टिअरिंगच्या कोनाचा चालू आकडा बघावा. सपाट, सरळ रस्त्यावर तो शून्याजवळ हवा. सतत सात-आठ अंश दाखवत असेल, तर अलाइनमेंट किंवा शून्य चुकलंय. स्टिअरिंग सावकाश फिरवताना आकडा उड्या मारतो किंवा अडकतो, तेव्हा सेन्सर, क्लॉक स्प्रिंग (स्टिअरिंगखालची गुंडाळलेली वायर) नाहीतर वायरिंगवर संशय घ्यावा.

६. क्रम मोडू नये. टायरचं माप आणि हवा, सस्पेन्शनमधली ढिलाई, मग अलाइनमेंट, आणि सगळ्यात शेवटी सेन्सरचं शून्य ठरवणं. काही गाड्यांत स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवलं की भागतं, काहींना स्कॅनर लागतोच. कंपनीनं सांगितलेली पद्धत पाळावी.

७. ट्रायल घेतल्याशिवाय चावी देऊ नये. मी गाडी तुळजापूरच्या घाटात नेऊन आणतो, मग पुन्हा कोड बघतो. तासभर जातो. पण नवरात्रात त्याच वळणावर कडेनं अनवाणी चालणारी माणसं असतात, आणि त्यांनी माझ्या गॅरेजची पायरी कधी चढलेली नसते.