ओवाळणी आणि ईएमआय

आजचं वाचन: गीता, अध्याय १७, श्लोक २० आणि २१.

परतफेडीची अपेक्षा न ठेवता, द्यायला हवं म्हणून दिलं ते दान सात्त्विक. बदल्यात काही मिळावं म्हणून, किंवा मनाला क्लेश होत दिलं ते राजस. ओवाळणी म्हणजे दान नव्हे, मान्य. तरी ही कसोटी तिला लावून बघा.

आमच्या गोंदियाकडे दिवाळीचा खर्च भाऊबीजेला संपत नाही. पुढे गावोगावी मंडई भरते, पाहुणे येतात, रात्री दंडार नाहीतर नाटक. धान तेव्हा कुठे बांधीत, कुठे खळ्यावर; विकून पैसा हाती यायला वेळ असतो. म्हणून महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुण्याहून येणाऱ्या आम्हा आयटीवाल्यांकडे सगळ्यांचं लक्ष! मग बहिणीला फोन, तोही कार्डावर. थकबाकी राहिली तर महिन्याला साधारण ३ ते ४ टक्के व्याज. मार्चमध्ये हप्ता कापल्याचा मेसेज आला की बहिणीचा चेहरा नाही, आकडा दिसतो. श्लोकातला 'परिक्लिष्ट' शब्द मला तिथे कळतो.

भागवतातल्या सुदाम्याकडे चार मुठी पोहे, तेही शेजारून मागून आणलेले. संकोच त्यालाच, देवाने तर स्वतः पुरचुंडी ओढून घेतली.

यंदा ओवाळणीची रक्कम मी आधीच बाजूला काढलीय, त्यापुढे कार्ड नाही. ताईला तसं सांगितलं. म्हणाली, "तू ये तर खरा. मंडईत आलूबोंडा खाऊ घाल."