हन्नेचें मुकें दुःख
(शास्त्रपाठ : १ शमुवेल १ : १–१८)

हन्ना शिलो येथें मंदिरांत प्रार्थना करीत होती, तेव्हां तिचे ओंठ मात्र हालत होते. शब्द ऐकूं येत नव्हता. पोटीं मूल नाहीं म्हणून तिनें वर्षानुवर्षें सवतीचे टोमणे सोसले होते. नवरा प्रेमळ खरा. पण दहा पुत्रांची उणीव आपण एकटेच भरून काढूं असें तो समजे, यावरून तिचें दुःख त्यालाहि पुरतें उमगलें नव्हतें असें आम्हांस वाटतें.

आणि एली तर याजक! तिच्या तोंडाकडे पाहून ती मद्य प्याली आहे असेंच त्यानें ठरविलें. उपदेशक बंधूंनो, येथें आम्हां सेवकांस लाज वाटावी. उपासनेला येऊन मुकाट्यानें मागें बसणाऱ्या बाईला आम्हीहि कधीं थंड, कधीं गर्विष्ठ म्हणून मोकळे होतों. (एलीनें निदान चूक कळतांच तिला आशीर्वाद दिला.)

याजकाला जें दिसलें नाहीं तें देवानें ऐकलें. आतां १८ वें वचन नीट पाहा. ती उठून जेवली आणि तिचें तोंड उदास राहिलें नाहीं. शमुवेल तेव्हां गर्भांतहि नव्हता. सवत होती तशीच होती. सांत्वन आधीं मिळालें, बाळ मागाहून. निपुत्रिक भगिनीच्या घरीं जाल तेव्हां हें १८ वें वचन आधीं वाचा. २० व्याची घाई करूं नका.